डोक्याच्या दुखापतीनंतर शाळेत परतलेले मूल

झाडावरून, बैलगाडीवरून अथवा मोटारसायकलवरून पडून डोक्यास मार लागलेले मूल दोन-तीन महिन्यांनी शाळेत परत येते. जखम भरलेली असते, चालणे नीट असते, उच्चार स्पष्ट असतात. पुस्तक हाती दिले तर ते घडाघडा वाचतेही. घरची माणसे म्हणतात, पोर बरे झाले. शाळाही तसेच मानते. तक्रारी पुढे सुरू होतात. विचारलेल्या प्रश्नाऐवजी मूल आधीच्याच प्रश्नाचे उत्तर देते. गोष्ट सांगता सांगता भलतीकडे वळते. सकाळी शिकविलेले दुपारी आठवत नाही. पूर्वी शांत स्वभावाचे असलेले हे मूल गुरुजींसमोर मनात येईल ते बोलून मोकळे होते. ‘आळशी’, ‘उद्धट’, ‘शेफारलेले’ हे शिक्के अशा वेळी फार लवकर बसतात, आणि एकदा बसलेला शिक्का पुढच्या इयत्तेतही मुलाबरोबर जातो.

या अवस्थेस बोधनिक संप्रेषण-दोष असे म्हणतात. नाव बोजड असले तरी अर्थ सोपा आहे. बोलण्यास नुसती जीभ आणि शब्द पुरत नाहीत. समोरच्याचे ऐकून होईपर्यंत लक्ष टिकावे लागते, ऐकलेले काही काळ ध्यानात धरावे लागते, सांगावयाचे त्याची जुळणी करावी लागते आणि कोणापुढे काय बोलू नये याचा आवरही असावा लागतो. मेंदूस इजा झाली म्हणजे ही कार्ये ढासळतात. शब्द शाबूत राहतात, पण संवाद विस्कटतो. वाचाघात याहून निराळा. त्यात शब्दच सापडत नाहीत किंवा वाक्याची रचना मोडते. जीभ-ओठांचे स्नायू दुबळे होऊन उच्चार अस्पष्ट होणे हा आणखी तिसरा प्रकार होय. एकाच मुलात हे तिन्ही एकत्र आढळू शकतात. अपघाताप्रमाणेच मेंदूज्वरानंतर किंवा पाण्यात बुडता बुडता वाचलेल्या मुलातही हा दोष उद्भवू शकतो.

अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात 1848 साली रेल्वेच्या कामावरील फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, बोलूही लागला. परंतु त्याची वागणूक व तारतम्य इतके पालटले की, त्याला पूर्वीच्या कामावर परत घेण्यात आले नाही. या हकीकतीचा उत्तरार्ध शिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. पुढे चिली देशात त्याने काही वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकण्याचे काम केले. रोज ठरलेला क्रम असलेल्या या कामाने त्याला सावरण्यास मदत झाली असावी, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे.

मेंदूचा पुढील भाग विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत राहतो. त्यामुळे दुसरीत असताना झालेल्या इजेचा परिणाम कधी कधी पाचवी-सहावीत, स्वतः योजना करून लिहिण्या-बोलण्याची अपेक्षा वाढल्यावर, उघड होतो. तोपर्यंत तो अपघात सर्वांच्या विस्मरणात गेलेला असतो. यास्तव एखादे मूल एकाएकी मागे पडू लागल्यास पूर्वी डोक्यास मार लागला होता काय, हे पालकांस अवश्य विचारावे.

निदान करणे हे डॉक्टरांचे व वाचा-उपचारतज्ज्ञाचे काम आहे. परंतु त्यांना मूल जेमतेम तासभर दिसते. शिक्षकास ते दिवसभर दिसते. म्हणून शिक्षकाची टिपणे बहुमोल ठरतात. दोन आठवडे तारीख, वेळ व तास लिहून मूल नेमके काय बोलले तेच नोंदवावे. ‘लक्ष नसते’ एवढ्या शेऱ्याचा तज्ज्ञास काही उपयोग नाही. अपघातापूर्वीच्या वह्या जपून ठेवून आताच्या वह्यांशी ताडून पाहाव्यात. ‘वही काढ, तारीख लिही, फळ्यावरचे गणित उतरून घे’ अशी तीन टप्प्यांची सूचना एकदाच द्यावी आणि मूल कोठे अडते ते पाहावे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगावयास लावावी. वाघ, कोल्हा, लेकीचे घर हे सारे तुकडे येतील. परंतु म्हातारी भोपळ्यात बसली कशासाठी, हा दुवा निसटलेला असेल. मात्र पूर्वी पाठ झालेल्या पाढ्यांवरून अनुमान काढू नये. जुने पाठांतर बहुधा टिकून राहते, अडचण नवे शिकण्यात असते.

काही बाबतींत सावधगिरी हवी. ‘पोटात कावळे ओरडतात’ याचा शब्दशः अर्थ घेणे हे पहिली-दुसरीच्या मुलाच्या बाबतीत दोषाचे लक्षण नव्हे. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणारे मूल मराठीत अडखळले तर तीच गोष्ट त्याच्या घरच्या भाषेत सांगावयास लावावी. तेथे ती नीट आली तर हा दोष नाही. ऊसतोडीमुळे शाळा बुडालेल्या मुलाचे मागे पडणेही निराळे. प्रथम कान तपासून घ्यावेत. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहून थांबणारे मूल अपस्माराचे असू शकते. आणि मार ताजा असून उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके दिसल्यास टिपणे करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याच्यापुढे ही टिपणे ठेवावीत; पथकास अवकाश असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत मुलास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. वाचा व श्रवणदोषांसाठी मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. पालक आधी देवऋष्याकडे गेले असतील तर त्यांची हेटाळणी करू नये. हेटाळणी झाली की ते रुग्णालयाकडेही फिरकत नाहीत.

वर्गात करावयाचे उपाय साधे आहेत. मुलास पुढे, दारा-खिडकीपासून दूर बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी व ती फळ्यावर लिहावी. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. ही गोष्ट वाटते त्याहून कठीण आहे, कारण उरलेल्या वर्गाचे हात तोवर वर झालेले असतात. दिवसाचा क्रम शक्यतो बदलू नये. खिशात मावेल अशी आठवणवही द्यावी आणि ती पाहण्याची सवय लावावी. पाठांतर वाढविल्याने स्मरणशक्ती तालमीतल्या दंडासारखी कमावता येते, हा समज या मुलांच्या बाबतीत खरा ठरत नाही. वहीचा आधारच अधिक उपयोगी पडतो. नवे शिकविताना अंदाजाने उत्तर देण्यास भाग पाडू नये, कारण चुकीचे उत्तरच मनात रुजते. प्रथम बरोबर उत्तर सांगावे, मग आधार हळूहळू कमी करावा. मूल लवकर थकते, म्हणून आरंभी अर्धा दिवस शाळा पुरे. डॉक्टर सांगेपर्यंत कबड्डी व झाडावर चढणे बंद ठेवावे.

अनुचित बोलल्यास चारचौघांत जाब न विचारता बाजूस नेऊन योग्य वाक्य सांगावे व ते म्हणवून घ्यावे. शिक्षा करणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध आहेच. शिवाय जो आवर इजेने गेला तो छडीने परत येत नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, नंतर ती मंद पण वर्षानुवर्षे चालू राहते.

जूनमध्ये मूल दुसऱ्या शिक्षकाकडे जाते तेव्हा बरीच कमाई वाया जाते. म्हणून एप्रिलअखेर एका पानाचे टिपण करून मुख्याध्यापकांकडे द्यावे: इजा केव्हा झाली, काय जमते, कशाने गोंधळते, कोणता सोबती मदत करतो. शाळा बदलल्यास त्याची एक प्रत दाखल्याबरोबर पालकांच्या हाती द्यावी.