राजशासनांत मराठी कशी आली (लेखमाला : भाग 5)

राजांच्या लेखात मराठीने पाय ठेवला तो स्तुतीच्या नव्हे, हिशेबाच्या ओळींत. यादवकालीन दानलेखांत मंगलाचरण, वंशावळ आणि बिरुदे बहुधा संस्कृतातच राहिली. गावाची शीव, देणी आणि दान मोडणाऱ्याला द्यायचा शाप मात्र लोकभाषेत उतरू लागला.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शके 1128 चा शिलालेख याचा उत्तम नमुना आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. बाजारातून मठाला काय मिळायचे हे सांगण्याची वेळ येताच भाषा बदलते आणि घाण्यामागे पळीभर तेल अशी देणी मराठीत नोंदली जातात. अलंकारिक श्लोक विद्वानांसाठी होते. तेलाची अट तेल्याला वाचून दाखवताच कळायला हवी होती. मराठीच्या लेखी इतिहासात या पळीभर तेलाचे मोल मोठे आहे.

शापाचेही तसेच. कोकणातल्या शिलाहारांच्या गधेगाळ नावाच्या शापदगडांवर शापाचे शब्द मराठीत आणि त्याखाली चित्र असे, म्हणजे अक्षरशत्रूलाही धाक बसावा. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखातही शाप मराठीतच आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, शं. गो. तुळपुळे यांनी तो शके 934, म्हणजे 1012 चा मानला. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात (शके 1195 ते 1199) तर देणगीदारांची लांबलचक यादीच मराठीत आहे. खुद्द रामचंद्र यादवाचे नाव त्यात येते.

राजलेखनात लोकभाषा येण्याचा जर्मनीतही हाच काळ. राजा चौथा कॉनराड याचा 1240 चा दस्त हा तिथला पहिला जर्मन राजदस्त मानला जातो. तोवर राजाचे लेखन लॅटिनमध्येच होई. पुढे लुडविग बव्हेरियन याच्या कारकिर्दीत (1314 ते 1347) राजदप्तरात जर्मन रुळली.

इकडे पूर्व विदर्भात मात्र संस्कृतची पकड सुटली नव्हती. रामटेकचा यादवकालीन शिलालेख संस्कृत आहे. शके 1232, म्हणजे 1310 च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात रामचंद्राने वज्राकर आणि भांडागार येथील अधिपतींना नमवल्याचे सांगितले आहे. वज्राकर म्हणजे वैरागड, भांडागार म्हणजे भंडारा.  या मुलखावरचा विजय सांगणारे ते शासनही संस्कृतातच आहे. एकाच राजाच्या कारकिर्दीत पंढरपुरी मराठी आणि ताम्रपटावर संस्कृत, हे पाहिले की भाषाबदल राजाज्ञेने एका दिवसात झाला नाही हे स्पष्ट होते. कागदाचे काम काय आणि तो कोणाला ऐकवायचा, यावर भाषा ठरत होती.

यादवांनंतर दरबारात फारसी आली. तरी पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी देशी भाषा आणली आणि मराठी कारकुनांचे महत्त्व वाढले. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल पूर्व विदर्भापर्यंत पोहोचला, तेव्हा त्यांचा राज्यकारभार मोडी लिपीतल्या मराठीत चालत होता.