घरखर्चाची काटकसर आणि डोक्यावरचे कर्ज

सोयाबीनची पट्टी हातात पडते त्या दिवशी चार घेणेकरी एकदम डोळ्यांसमोर उभे राहतात. सोसायटीचे पीककर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेत तारण ठेवलेले दागिने आणि गावातला किंवा तालुक्याचा सावकार. पैसे एकाच ठिकाणचे व वाटे चार. अशा वेळी जो दारात येऊन बसतो त्याला आधी दिले जाते, आणि जो नुसती नोटीस पाठवतो त्याला ‘पुढच्या हंगामात बघू’ असे म्हटले जाते. त्यानंतर वर्षभर घरात काटकसर सुरू होते. दूध कमी, मुलांचे कपडे पुढच्या वर्षी. एवढे करूनही कर्जाचा आकडा तेथेच राहतो. असे का होते, हे एका उदाहरणाने पाहू.

पाच एकर कोरडवाहू जमीन आणि घरात पाच माणसे असलेले एक कुटुंब धरा. त्यांचे कर्ज असे आहे. सोसायटीचे पीककर्ज १,२०,००० रुपये. सोनेतारण ८०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के. बियाणे-खते-औषधांची उधारी ६०,००० रुपये, शेकडा दोन रुपये महिना. खाजगी कर्ज १,५०,००० रुपये, शेकडा तीन रुपये महिना. एकूण ४,१०,००० रुपये.

शेकडा तीन रुपये हा दर ऐकायला लहान वाटतो, पण तो वर्षाला ३६ टक्के होतो. त्यामुळे खाजगी कर्जाचे वर्षाचे व्याज ५४,००० रुपये, उधारीचे १४,४०० रुपये व सोनेतारणाचे ९,६०० रुपये, मिळून ७८,००० रुपये होते. एकरी ८ क्विंटल उतारा आणि क्विंटलला ४,५०० रुपये भाव धरला तर दोन एकरांचे सगळे सोयाबीन विकूनही, मशागतीचा खर्च बाजूला ठेवला तरी, एवढे व्याज निघत नाही.

काटकसर किती होऊ शकते?

आता घरखर्चाकडे वळू. एका वहीत दोन महिने प्रत्येक रुपया लिहून काढावा. वही घरातील बाईच्या हाती असावी, कारण बाजाराचा खरा भाव तिला माहीत असतो. मात्र तिला कर्जाचा पूर्ण आकडाही माहीत असला पाहिजे. बहुतेक घरांत तो सांगितलेला नसतो. कर्ज लपवले गेले की काटकसर एकीकडे आणि नवीन उचल दुसरीकडे, असे चालू राहते.

वहीत पहिल्याच आठवड्यात जे दिसते ते चहा, तंबाखू, बिडी आणि हॉटेल. रोजचे ६० रुपये म्हणजे वर्षाचे २१,९०० रुपये. हे सगळे बंद होईल असे सांगण्यात अर्थ नाही, परंतु निम्मे झाले तरी सुमारे ११,००० रुपये उरतात. तालुक्याला आठवड्यातून तीन फेऱ्या होत असतील व एका फेरीला १०० रुपये पेट्रोल लागत असेल, तर एकाच फेरीत कामे उरकल्यास वर्षाला १०,४०० रुपये वाचतात. परसबागेतील भेंडी, पालक, मेथी, दोडका, शेवगा यांमुळे वर्षातील ३० आठवडे बाजाराचे २०० रुपये वाचले तर ६,००० रुपये. किराणा उधारीवर थोडा थोडा न आणता महिन्याचा एकदम रोखीने आणल्यास महिन्याला ३०० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये.

डाळीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जानेवारीत तूर पोत्यासह विकून टाकायची आणि पावसाळ्यात तीच डाळ किलोने विकत आणायची, हे आपल्याकडे सर्रास चालते. वर्षाला ४८ किलो डाळ लागत असेल तर साधारण ७० किलो तूर घरी ठेवावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल अनेक गावांत बचत गटांकडे आहे, तेथे ती भरडून घ्यावी. यातून भरडाई जाऊन हजार रुपये वाचले तरी खूप.

हे सर्व मिळून ३२,००० रुपये होतात. म्हणजे वर्षभर मन मारूनही व्याजाचा निम्मा आकडासुद्धा गाठला जात नाही. काटकसर वाईट नाही, पण महाग कर्ज तसेच ठेवून केलेली काटकसर सावकाराच्या घरी जाते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोरही ‘कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो’ हे मत होते. आयोगाने मात्र लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. लग्नकार्याचा वायफळ खर्च करावा असा याचा अर्थ मुळीच नाही. कर्ज काढून मांडव मोठा करू नये, हे आम्ही नेहमीच सांगतो.

आधी व्याज हलके करावे

वरील कुटुंबाने १,५०,००० रुपयांचे खाजगी कर्ज १२ टक्के दराच्या बँक कर्जातून फेडले, तर व्याज ५४,००० वरून १८,००० रुपयांवर येते. वाचले ३६,००० रुपये, म्हणजे वर्षभराच्या काटकसरीपेक्षा जास्त. यासाठी सोनेतारणाची मर्यादा वाढवून मिळते का ते पाहावे. शेतीसाठीच्या २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची १ जानेवारी २०२५ पासून सूचना आहे. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या १० टक्के रक्कम घरखर्चासाठी धरलेली असते, हेही अनेकांना माहीत नसते. दिवाळीचा किराणा सावकाराच्या पैशांतून आणण्यापूर्वी ती आठवावी.

बँक दारात उभे करत नाही, ही तक्रार खोटी नाही. त्यातही पीककर्ज थकीत असेल तर नकार ठरलेलाच. म्हणून पट्टीच्या पैशांतून सर्वांत आधी सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरावे. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याज शून्य पडते. मुदत चुकली की सवलत गेली आणि पुढची उचलही अडली. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की २०१७ आणि २०१९ च्या योजना बँक व सोसायटीच्या कर्जापुरत्या होत्या, सावकाराची चिठ्ठी त्यात बसली नाही. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर लाभ ठेवला होता.

बँक मिळालीच नाही तर भाकड जनावर, दुसरी मोटारसायकल किंवा घरातील स्त्रीची खुशी असेल तरच थोडे सोने मोडून खाजगी कर्जाची मुद्दल कमी करावी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याला तारणी कर्जासाठी वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जासाठी १२ टक्के दर ठरवून दिला आहे. यापेक्षा जास्त व्याज घेणारा किंवा परवाना नसताना सावकारी करणारा कायदा मोडतो. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत कधीही करून देऊ नये. ‘पैसे दिले की फिरवून देतो’ हा शब्द कागदावर नसतो.

आता पुन्हा हिशेब करू. पूर्वी व्याजात जाणारे ७८,००० आणि काटकसरीचे ३२,००० असे १,१०,००० रुपये दरवर्षी बाजूला काढले. नवीन व्याज ४२,००० रुपये. उरलेल्या ६८,००० रुपयांत पहिल्याच वर्षी दुकानाची उधारी संपते. राहिलेले २,२२,००० रुपये पुढील तीन वर्षांत फिटतात. एक हंगाम पावसाने दगा दिला तर वर्ष-दीड वर्ष जास्त लागेल. म्हणूनच पीकविम्याचा हप्ता, औषधपाणी, मुलांची शाळा आणि लहान मुलांचे दूध यांना काटकसरीची कात्री लावू नये. आजारपण अंगावर काढले की पुढे दवाखान्यासाठी पुन्हा सावकारच गाठावा लागतो.

प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. खाजगी कर्ज फिटताच दिलेला कोरा धनादेश, मुद्रांकाचा कागद व चिठ्ठी त्याच दिवशी परत मागून घ्यावी. बँकेचे कर्ज संपल्यावर बेबाकी दाखला घेऊन तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा व सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा. महिन्याभराने नवीन उतारा काढून बोजाची नोंद खरोखर गेली का ते स्वतः वाचून पाहावे.