पासवर्ड बरोबर, तरी फोन वायफायला जोडत नाही? राउटरची यादी तपासा



मत्स्यबीज, जाळी आणि अनुदानाच्या चौकशीबरोबर आता ऑफिसात आणखी एक तक्रार यायला लागली आहे. "घरातल्या वायफायला टीव्ही चालतोय, बायकोचा फोन चालतोय, पण माझा नवीन फोन काय केलं तरी जोडत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे." बऱ्याच घरांत याचं कारण एकच असतं, राउटरमध्ये लावलेलं मॅक फिल्टरिंग. म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहितो. थोडं लांब आहे, पण सावकाश वाचा आणि घरातल्या पोरांनाही दाखवा.

फोन जोडला नाही तर काय बिघडतं, असं काहींना वाटेल. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठच्या गावांत आणि हिडकल धरणाच्या बाजूला कितीतरी घरांत टॉवरची रेंज आत येत नाही. सीमेवर तर फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, आणि मध्येच दोन्ही सोडतो. अशा घरांत फोन येतो-जातो तो वायफाय कॉलिंगवर. राउटरने घरचा फोनच अडवला, तर नावेवर गेलेल्या माणसाचा फोन घरी लागणार नाही. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप ग्रुपवर पडतो, तो घरी वेळेत दिसणार नाही. जाळी आणि इंजिन ठेवतो त्या शेडवर काहींनी कॅमेरा बसवलाय, तोही बंद पडतो आणि चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हा विषय महत्त्वाचा.

मॅक फिल्टरिंग म्हणजे काय?

वायफाय चालवणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक नंबर असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. हा सिमचा नंबर नाही, आयएमईआय पण नाही. त्यात १२ अक्षरं असतात, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. दोन-दोनच्या जोडीने लिहितात. पहिली सहा अक्षरं कंपनीची, पुढची सहा त्या उपकरणाची. नावेच्या बाजूला नोंदणी नंबर रंगवलेला असतो, तसंच हे समजा.

राउटर तुम्हाला नावाने ओळखत नाही, या नंबराने ओळखतो. फिल्टरिंग चालू केलं की राउटरमध्ये एक यादी तयार होते. यादीचे दोन प्रकार. "अलाउ" यादीत ज्यांचा नंबर आहे तेवढेच आत, बाकी सगळे बाहेर. "डिनाय" यादीत ज्यांचा नंबर आहे तेवढे बाहेर, बाकी सगळे आत. काही राउटरवर याला "ॲक्सेस कंट्रोल", "व्हाइटलिस्ट", "ब्लॅकलिस्ट" असं लिहिलेलं असतं. काम तेच.

आता घोळ कुठे होतो?

फोन आता आपला खरा नंबर सांगत नाही. पूर्वी फोन जिथे जाईल तिथे एकच नंबर दाखवायचा. मॉल, स्टेशन, विमानतळ अशा ठिकाणी या नंबरावरून माणूस कुठे कुठे फिरतोय याचा माग काढता यायचा. ते थांबवायला २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला एक वेगळा बनवलेला नंबर दाखवतो. ही सोय आपल्या फायद्याचीच आहे. पण घरच्या राउटरमध्ये जुन्या पद्धतीने यादी केली असेल, तर नावेवर एक नंबर आणि घाटावरच्या रजिस्टरात दुसराच, अशी गत होते. राउटर म्हणतो, हा नंबर माझ्या यादीत नाही.

फसगत होते ती अशी. कुणीतरी फोनच्या "अबाउट फोन" मध्ये जाऊन तिथला मॅक ॲड्रेस उतरवून राउटरमध्ये घालतो. तिथे बहुतेक वेळा कंपनीचा खरा नंबर असतो. पण वायफायला जोडताना फोन बनवलेला नंबर दाखवत असतो. त्यामुळे यादी बरोबर दिसते आणि फोन मात्र बाहेरच राहतो.

बनवलेला नंबर ओळखायची एक सोपी खूण आहे. १२ अक्षरांतलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बनवलेला नंबर समजा.

"आजवर चालत होतं, आता अचानक कसं काय बंद पडलं?" हाही प्रश्न येतो. नवीन फोन घेतला, फोन फॅक्टरी रीसेट केला, किंवा वायफायचं नाव बदललं, की फोन त्या वायफायसाठी नवीन नंबर बनवतो. काही आयफोनवर तर नंबर अधूनमधून बदलायची सोय चालू असते. नंबर बदलला की जुनी यादी निरुपयोगी.

आधी खात्री करा

दुरुस्ती करण्याआधी फिल्टरिंगच कारण आहे का ते बघा.

१. फोन "कनेक्टेड" दाखवतो पण नेट चालत नाही आणि घरातल्या कुणाचंच चालत नाही, तर बिघाड लाइनचा असतो. फायबरच्या डब्यावर "लॉस" नावाचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर केबलवाल्याला फोन करा, राउटरमध्ये हात घालू नका.

२. बाकीच्यांचं चालतं आणि एकच फोन जोडत नाही, नुसता गोल फिरत राहतो किंवा पासवर्ड चुकीचा म्हणतो, तर आधी फोनमध्ये ते वायफाय "फरगेट" करून पासवर्ड पुन्हा टाका. पासवर्डमधलं मोठं-लहान अक्षर नीट बघा.

३. तरीही नाही जमलं, तर राउटरमध्ये जाऊन फिल्टरिंग दोन मिनिटं बंद करा. फोन लगेच जोडला, तर दोष यादीचा. नाही जोडला, तर कारण दुसरं आहे, यादीत वेळ घालवू नका.

राउटरमध्ये कसं जायचं?

वायफायला जोडलेल्या दुसऱ्या फोनवर ब्राउझर उघडा आणि वर राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आकडे इंग्रजीत टाकायचे. नेमका पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या तळाशी स्टिकरवर असतो. तिथे नसेल तर केबलवाल्याकडून घ्या. आत गेल्यावर "वायरलेस" किंवा "डब्ल्यूलॅन" खाली "मॅक फिल्टर" शोधा. फायबरच्या काही डब्यांत "सिक्युरिटी" किंवा "फायरवॉल" खाली आणखी एक मॅक फिल्टर असतो. त्यात अडकलेला फोन वायफायला जोडलेला दिसतो पण त्याला नेट मिळत नाही. म्हणून एकाच फोनचं नेट चालत नसेल तर दोन्ही जागा बघा.

दुरुस्ती

फोनमध्ये काय करायचं: अँड्रॉइडवर सेटिंग्ज, वायफाय, मग घरच्या वायफायच्या नावापुढचं चक्र दाबा. तिथे "प्रायव्हसी" किंवा "मॅक ॲड्रेस टाइप" असं दिसेल. त्यात "फोन मॅक" किंवा "डिव्हाइस मॅक" निवडा. आयफोनवर वायफायच्या नावापुढचं आय चिन्ह दाबा आणि "प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस" बंद करा. नवीन आयफोनवर "ऑफ", "फिक्स्ड", "रोटेटिंग" असे तीन पर्याय असतात. "ऑफ" किंवा "फिक्स्ड" ठेवा, "रोटेटिंग" ठेवू नका. हे फक्त घरच्या वायफायपुरतं करायचं. बाहेरच्या वायफायवर नंबर लपलेलाच बरा.

मग त्याच पानावर, म्हणजे वायफायच्या नावाखाली, जो मॅक ॲड्रेस दिसतो तो उतरवा आणि राउटरच्या यादीत घाला. "अबाउट फोन" मधला घेऊ नका.

यादी करताना या गोष्टी सांभाळा:

• मॅक ॲड्रेसमध्ये ओ हे अक्षर कधीच नसतं, असेल ते शून्यच. ८ आणि बी यांची गल्लत होते, दोनदा तपासा.

• राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर काही राउटरमध्ये दोन्हीच्या याद्या वेगळ्या असतात. एकीत नाव घातलं आणि दुसरीत राहिलं, की हॉलमध्ये चालतं आणि आतल्या खोलीत बंद पडतं.

• लॅपटॉपला केबलचा नंबर वेगळा आणि वायफायचा वेगळा. वायफायचाच घाला.

• रेंज वाढवायला रिपीटर लावला असेल, तर त्याचाही नंबर यादीत हवा.

• शेवटी "सेव्ह" किंवा "अप्लाय" दाबा. नाही दाबलं तर लाइट जाऊन आली की सगळं पुसलेलं असतं. आपल्याकडे लाइट कितीदा जाते ते सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचं: यादी रिकामी ठेवून "अलाउ" चालू करू नका. तसं केलं की घरातले सगळे फोन एकदम बाहेर पडतात, तुमचाही. आधी स्वतःचा नंबर घाला, मग चालू करा. असं झालंच, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून आत जाता येतं, कारण वायरलेसचं फिल्टर सहसा केबलला लागत नाही. मागचं बारीक रीसेट बटण काडीने दाबायची घाई करू नका. फायबरच्या डब्यात केबलवाल्याने घातलेलं सेटिंगही त्यात पुसलं जातं आणि नेट पूर्ण बंद पडतं. आधी त्याला फोन करा.

फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे

आता मुद्द्याची गोष्ट. बरेच जण फिल्टर लावतात ते शेजारच्यांनी फुकट नेट वापरू नये किंवा पोराने रात्री मोबाइल बघू नये म्हणून. डिनाय यादीत पोराचा नंबर घातला, तर तो फोनमध्ये एक बटण दाबून दुसऱ्या नंबराने आत येतो. बाहेरच्या जाणत्या माणसाला तर यादीतला नंबर हवेतून वाचून स्वतःच्या उपकरणाला लावता येतो. म्हणजे फिल्टर ही दारावरची हजेरी झाली. कुलूप म्हणजे पासवर्ड.

कुलूप नसल्यावर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी दहशतवाद्यांनी धमकीचा ईमेल पाठवला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी, कारण ईमेल त्याच्या वायफायवरून गेला होता. वायफाय नीट सुरक्षित नव्हतं, दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. ईमेलशी संबंध नसताना त्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं. आज ऑनलाइन फसवणुकीचे प्रकार एवढे वाढलेत, की हे कुणाच्याही दारात येऊ शकतं. तुमच्या वायफायवरून गुन्हा झाला, तर पहिली विचारपूस तुमच्याकडेच होणार.

म्हणून माझा सल्ला असा:

• वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा आणि किमान १२ अक्षरांचा पासवर्ड ठेवा. मोबाइल नंबर, नावेचं नाव, पोराचं नाव नको.

• राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड "ॲडमिन" असेल तर आजच बदला. तो घरातल्या एका मोठ्या माणसाकडेच ठेवा.

• डब्ल्यूपीएस बंद करा.

• पाहुणे, मासे न्यायला आलेले व्यापारी यांच्यासाठी राउटरमध्ये "गेस्ट नेटवर्क" असेल तर ते वेगळं द्या.

• कुणी फुकट वापरतंय असं वाटलं, तर त्याचा नंबर अडवण्यापेक्षा पासवर्ड बदला. क्यूआर कोडवरून पासवर्ड पुढे पुढे जातो, हे लक्षात ठेवा. बदलल्यावर टीव्ही, कॅमेरा, सगळे फोन पुन्हा जोडावे लागतील, म्हणून घरातल्या उपकरणांची एक यादी वहीत करून ठेवा.

• पोराच्या मोबाइलसाठी राउटरची वेळ लावता येते, पण तीही याच नंबरावर चालते. त्याच्या फोनमध्ये "फोन मॅक" निवडून द्या आणि त्याच्याशी बोलून वेळ ठरवा. नुसत्या राउटरवर भरवसा ठेवू नका.

एवढं सगळं केलं तर फिल्टर बंद ठेवला तरी चालतो. चांगला पासवर्ड असताना फिल्टरमुळे फायदा थोडा आणि डोकेदुखी जास्त. ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी ठेवावा, पण नवीन फोन आला की वर सांगितल्याप्रमाणे नंबर घालायला विसरू नये.

आणि ऑनलाइन फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

ज्यांना हे घरी जमत नसेल त्यांनी फोन आणि राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो घेऊन ऑफिसात यावं, बसून बघू. स्टिकरचा फोटो ग्रुपवर मात्र टाकू नका, त्यावर पासवर्ड असतो. काठावरच्या घरांनी पावसाळ्याआधी हे काम उरकून घ्यावं, ही विनंती.

आपला,
सेक्रेटरी