आगगाडीने आलेले पाणी आणि वर्गातला एक प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात ‘हवामानबदल’ या विषयावर बोलायला मी गेलो होतो. तक्ते, आलेख सगळे बरोबर होते. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, मागच्या बाकावरचे एक गुरुजी उठून उभे राहिले. म्हणाले, “सर, आमच्याकडं २०१६ ला आगगाडीनं पाणी आलं. पोरं विचारतात, ते हवामानबदलानं झालं का? पेपरात एक जण लिहितो, हो. दुसरा म्हणतो, उसानं झालं. तिसरा म्हणतो, दुष्काळ काय आजचा आहे का? बहात्तरलाही होताच की. आम्ही पोरांना सांगायचं काय?”

त्या वेळी घाईने मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच फारसे पटले नव्हते. म्हणून हे सावकाश दिलेले उत्तर.

आधी घटना आठवू. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च २०१६ मध्ये पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावून पाण्याची पहिली गाडी लातुरात आली. तिचे १० डबे होते आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० डब्यांच्या, म्हणजे २५ लाख लिटरच्या गाड्या येऊ लागल्या.

गुरुजींच्या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. पृथ्वी तापते आहे का, आणि कशामुळे? त्याचा आपल्या पावसावर काय परिणाम होतो? आणि त्या विशिष्ट वर्षी लातूरची घागर रिकामी का राहिली? तिन्ही उत्तरांची खात्री सारखी नाही. जाहीर वादात मात्र तिन्ही एकाच पोत्यात भरले जातात आणि मग कोणालाच काही कळेनासे होते. आपण ते वेगळे करू.

आभाळाची वाकळ

मराठवाड्यातल्या कोणत्याही मुलाला विचारा, पौष महिन्यात कडाक्याची थंडी कधी पडते? आभाळ स्वच्छ असते तेव्हा. रात्री ढग आले की थंडी पळते. असे का होते? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर त्यांतले बरेचसे थेट निघून जातात. ढग आणि बाष्प मात्र त्यांना शोषतात आणि त्यांतली काही उष्णता पुन्हा जमिनीकडे पाठवतात. जणू जमिनीवर कोणी वाकळ पांघरली.

वाकळीचे काम फक्त ढगच करत नाहीत. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वांत जास्त तापले. १८५९ पासून जॉन टिंडॉल यांनी अधिक काटेकोर प्रयोग केले. त्यांत दिसले की हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेच्या किरणांना अडवतच नाहीत. अडवतात ते अल्प प्रमाणात असलेले बाष्प, कार्बन डायऑक्साइड असे वायू. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. म्हणजे ही वाकळ आपली वैरी नाही. प्रश्न आहे तो तिच्या जाडीचा.

(उपमा इथेच थांबवावी. वाकळ मुख्यतः हवेची हालचाल अडवून ऊब देते, तर वायू किरण शोषून आणि पुन्हा सोडून. चलाख विद्यार्थी हे विचारतोच.)

वाकळ जाड झाली, कोणी केली?

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी सुमारे ४२४ आहे. ध्रुवीय बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे सांगतात की कारखानदारीपूर्वी हा आकडा २८० च्या आसपास होता.

हा वाढीव वायू माणसाचाच कशावरून? याला एक सुंदर पुरावा आहे. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी समस्थानिक अत्यल्प प्रमाणात असतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला, त्यामुळे त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. कोळसा आणि तेल जाळून निघालेला वायू हवेत मिसळला तर हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण पातळ व्हायला हवे. दुधात पाणी घातल्यासारखे. हान्स स्यूस यांनी नेमके हेच १९५५ मध्ये दाखवले.

“पण सूर्यच जास्त तापला असेल तर?” हा वादातला नेहमीचा आणि रास्त प्रश्न. त्याची परीक्षा करता येते. सूर्यामुळे तापमान वाढले असते तर हवेचे वरचे थरही तापले असते. वाकळीमुळे वाढले असेल तर वाकळीच्या आत ऊब आणि बाहेर गारठा, असे व्हायला हवे. मोजमापांत दिसते ते दुसरे. हवेचा खालचा थर तापतो आहे आणि स्थितांबर थंड होते आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हे १९६७ मध्येच गणिताने सांगितले होते. मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय १९७८ पासून उपग्रहांनी सूर्याची तेजस्विता मोजली जाते, तिच्यात वाढीचा कल नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर पक्के आहे. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापली होती, आणि ती तापण्याचे मुख्य कारण माणूस आहे.

इथे एक चूकही सांगितली पाहिजे. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता मोठी आहे, असे एक विधान होते. त्याला संशोधनाचा आधार नव्हता. २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा निबंध भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला, वाद पेटला आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक कबूल केली. “बघा, सगळेच खोटे!” असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पण फळ्यावर एक गणित चुकले म्हणून गणित हा विषय खोटा ठरत नाही. हिमनद्या वितळत आहेतच, फक्त त्या तारखेला आधार नव्हता. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पावसाचे काय?

इथून जमीन थोडी मऊ लागते. एक नियम पक्का आहे: हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ती जमिनीतले पाणीही अधिक ओढते, आणि पाऊस पडायला लागला की एकदम जास्त ओतू शकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. त्यांनी घेतलेल्या चौकोनात लातूरही बसते. पावसाळ्याच्या एकूण पावसात ठळक बदल नव्हता. मात्र मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बेरीज तीच, पण हप्ते बिघडले. सोयाबीनला झेपणारा झिमझिम पाऊस कमी, आणि माती वाहून नेणारा जास्त.

देशाच्या एकूण मोसमी पावसाबद्दल मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात तो सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्यात धूर आणि धूलिकणांनी अडवलेल्या सूर्यप्रकाशाचाही वाटा मानला जातो. मराठवाड्यात एका वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या पावसात मुळातच एवढा फरक असतो की त्यातून संथ बदल वेगळा काढणे अवघड जाते.

मग २०१६ चे काय?

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. लातूरचा सरासरी पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर. २०१४ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १२ टक्के आणि २०१५ मध्ये १४ टक्के कमी पडला. २०१५ ला प्रशांत महासागरात जबरदस्त एल निनो होता. १९७२ लाही एल निनो होता. माणसाने कोळसा जाळायला सुरुवात केली त्याच्या कितीतरी आधीपासून एल निनो येतो. त्यामुळे “हवामानबदलाने दुष्काळ पडला” हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. तापलेल्या हवेने उरलेला ओलावा अधिक वेगाने ओढला, इतके म्हणता येते.

पण जुनी माणसे म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हते, विहिरीला पाणी होते. २०१६ ला रेशनच्या दुकानात धान्य होते, घागरीत पाणी नव्हते. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत काय बदलले? बोअर खोल गेले आणि ऊस वाढला. एक हिशेब फळ्यावर मांडून पाहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. म्हणून १ हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. उसाला पूर्ण हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला २,००० चा आकडा धरला तर हेक्टरी २ कोटी लिटर झाले. ५० डब्यांच्या गाडीतले २५ लाख लिटर त्याचा आठवा भाग. म्हणजे ज्या गाडीची सारे शहर वाट पाहत होते, तिच्यात सुमारे बारा गुंठे उसाची तहान होती. त्यातला काही भाग पाऊस भागवतो, ठिबकने बरीच बचत होते, हे खरे. तरीही आकडा विचार करायला लावतो. ऊस लावणाऱ्याला दोष देऊनही भागत नाही. खात्रीने विकले जाणारे दुसरे पीक त्याच्या हाती कोणी दिले?

आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर लातूर-नांदेडकडे अतिवृष्टी झाली. ज्या नद्यांत एप्रिलमध्ये वाळू तापत होती, त्यांना पूर आले.

सगळा दोष हवामानावर टाकला तर पीकरचना, भूजलाचा उपसा आणि वाटप हे तिन्ही सुटतात. उलट “दुष्काळ काय नेहमीचाच” म्हटले तर उद्याच्या पावसासाठी कालच्याच मापाने बंधारे आणि नाले बांधले जातात. दोन्हींची किंमत शेवटी डोक्यावर हंडा घेणारी बाई देते. तिने वाकळ जाड करण्यात फारसा हातभारही लावलेला नाही. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी ही विषमता १९९१ मध्येच मांडली होती.

वर्गात काय करता येईल?

सरळ बाजूंची एक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवा. तळाचा खोलगट भाग खडे घालून पाण्याने भरा आणि तिथून वर मोजपट्टी चिकटवा. झाले पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. वर्षअखेर तीन आकडे काढा: एकूण पाऊस, २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे दिवस, आणि ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाचे दिवस. तहसील कार्यालयातून जुन्या नोंदी मिळाल्या तर त्यांच्याशी ताडून पाहा. मात्र चार-पाच वर्षांवरून निष्कर्ष काढू नका. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांची सरासरी. वही पुढच्या वर्गाकडे सोपवत राहा.

आता गुरुजींचे उत्तर. मुलांना सांगा: पृथ्वी माणसामुळे तापते आहे, हे नक्की. त्यामुळे आपला पाऊस लहरी होतो आहे, याचे पुरावे वाढत आहेत. आणि २०१६ ला आगगाडी आली ती कमी पावसाने आणि आपण पाणी जसे वापरले त्याने, दोन्हींनी मिळून. कोणी एकच कारण सांगू लागला तर त्याला विचारा, बाकीच्या दोन प्रश्नांचे काय?