ई-मेल संग्रहातील शोध : मराठी व उर्दू मजकुराचा प्रश्न

संगणकावर साठविलेल्या ई-मेलमधून हवे ते पत्र कमांड लाइनवर आज्ञा टाइप करून शोधता येते. त्यासाठी युनिक्समधील 'ग्रेप' ही जुनी आज्ञा अनेकजण वापरतात. मात्र मराठी किंवा उर्दू शब्द दिल्यास पुष्कळदा काहीच हाती लागत नाही.

याचे कारण ई-मेलच्या रचनेत आहे. ही रचना मुळात इंग्रजी अक्षरांसाठी होती. १९९२ साली आलेल्या 'माइम' पद्धतीने इतर लिप्यांची सोय केली. तीत असा मजकूर बहुधा 'बेस-६४' या सांकेतिक रूपात जातो; प्रत्येक तीन बाइटांची चार साधी चिन्हे होतात. 'ग्रेप' ही चिन्हेच पाहते, संकेत उलगडत नाही.

२००९ साली सुरू झालेला 'नॉटमच' हा मुक्त प्रोग्राम प्रथम पत्रे उलगडून शब्दसूची तयार करतो. प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलमध्ये असणे मात्र आवश्यक आहे. प्रेषक, विषय व तारीख यांच्या अटी एकत्र घालता येतात आणि निवडलेल्या पत्रांना 'टॅग' लावता येतो.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'परीक्षा' शोधल्याने 'परीक्षेचे' सापडत नाही. म्हणून 'परीक्ष' लिहून पुढे तारांकन द्यावे. उर्दू 'किताब' शब्दातील काफ अरबी कळफलकावर टाइप केल्यास सारखाच दिसतो, पण त्याचा युनिकोड क्रमांक वेगळा असतो. म्हणून शब्द दोन्ही प्रकारे शोधावा. तसे केल्यावाचून 'असे पत्र संग्रहात नाही' हा निष्कर्ष अभ्यासकाने काढू नये.