जुन्नर कुठंय?
"अवशेष कुठायत?" नारायणगाव सोडल्यापासून मित्राचा एकच धोशा. त्याला हम्पी हवं होतं! सातवाहनांचं जुन्नर मात्र आजच्या गावाच्या पोटात गडप झालंय. उरलीत ती भोवतालच्या डोंगरांतली २००हून जास्त लेणी. काहींत तर चक्क यवनांच्या दानाचे लेख.

लेण्याद्रीला मी लहानपणापासून येतेय. आजीचा हात, गणपतीचं दर्शन, खाली उतरून भेळ, घर. शेजारचं सहा नंबरचं चैत्यगृह पाहिलं ते या रविवारी. लाज वाटली, खरंच.

संध्याकाळी नाणेघाट. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. गुहेत नागनिकेचा २००० वर्षांपूर्वीचा लेख, आपल्या आकड्यांचे पूर्वज त्यात कोरलेले. मित्र एकेक अक्षर निरखत राहिला. अंधार पडला, तरी निघेना.