सुट्टी आपल्याच मुंबईत

नाताळची सुट्टी जवळ आली की मुंबईकर कुटुंबांत माथेरान, महाबळेश्वरचे बेत आखले जातात. ज्यांना रजा मिळत नाही, वा घरातील वृद्धांना प्रवास सोसत नाही, त्यांची मुले मात्र मॉल आणि मोबाईल यांतच आठवडा घालवतात. अशा कुटुंबांनी लोकल पकडून सरळ चर्चगेटला उतरावे.

ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर नोकरदारांनी हजारदा पाहिलेला असतो, तोही घड्याळापुरता. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि त्याला मातोश्रींचे नाव लाभले. दृष्टिहीन मातोश्रींना घंटानादावरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळत असे, अशी आख्यायिका आहे. चौविहार पाळणाऱ्या आजीच्या तोंडून ती ऐकल्यावर नातवंडांना मनोरा निराळाच दिसू लागतो.

तेथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठता येते. तेथील भगवान बाहुबलींची कांस्यमूर्ती श्रवणबेळगोळची, सुमारे नवव्या शतकातील. अंगावर चढलेल्या वेली, खांद्यांवर रुळणारे केस. ही एकच मूर्ती निवांत पाहिली तरी दिवस सार्थकी लागतो. सारी दालने उरकण्याचा हट्ट धरू नये. मुले कंटाळतात आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागतात.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. ज्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्ती तेथील बागेत उभा आहे. निघण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्यावा.